ऐकू येणारी अक्षरं

हौशी रेडिओची जुनी यंत्रं जमवणाऱ्यांच्या कपाटात टीएनसीला बहुधा खालचा खण मिळतो. वर असतात व्हॉल्व्हचे रिसीव्हर, पितळी मोर्स की, काट्यांचे मीटर. ते दिसतातच देखणे. टीएनसी म्हणजे पत्र्याची एक बसकी पेटी. पुढे एक बटण आणि पाच बारके दिवे, मागे दोन-तीन सॉकेट. फिरवायला चकती नाही, हलायला काटा नाही. तरीही अमेरिकेतल्या टूसॉन शहरातल्या हौशी मंडळींनी १९८५ साली काढलेला टीएनसी-२ मी या सगळ्यांच्या वर ठेवतो, आणि तो का ठेवतो हे सविस्तर सांगावंसं वाटतं. की-बोर्डवर दाबलेलं अक्षर हवेतून जाऊन दुसऱ्या गावच्या पडद्यावर उमटेपर्यंत ज्या ज्या अवस्थांतून जातं, त्या जवळपास सगळ्या या यंत्रात डोळ्यांनी पाहता येतात किंवा कानांनी ऐकता येतात. आजच्या मोबाइलमध्ये हेच सगळं कितीतरी पटींनी वेगात चालतं, पण त्यातलं काहीही आपल्या वाट्याला येत नाही.

टीएनसी म्हणजे टर्मिनल नोड कंट्रोलर. एका बाजूला संगणक किंवा साधं टर्मिनल, दुसऱ्या बाजूला नेहमीचा बोलायचा वायरलेस सेट, आणि मध्ये ही पेटी. टाइप केलेली अक्षरं ती गोळा करते, त्यांचं एक पॅकेट बांधते, त्यावर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव घालते, मजकूर वाटेत बिघडला तर कळावं म्हणून शेवटी तपासणीचा आकडा जोडते आणि या सगळ्याचा आवाज करून तो सेटच्या माइकच्या वाटेने सोडते. आपल्यातून माणूस बोलतोय की यंत्र, याचा सेटला पत्ताही नसतो. पलीकडची पेटी स्पीकरच्या वाटेने आलेला आवाज ऐकते आणि त्यातून अक्षरं परत काढते.

ही कल्पना टूसॉनची नव्हे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये अलोहानेट चालू केलं, तेव्हाच रेडिओवरून पॅकेट पाठवण्याचा पाया पडला. हौशी लोकांत मात्र कॅनडा पुढे होतं. तिथल्या सरकारने १९७८ मध्ये परवानगी दिली, माँट्रिऑलच्या हॅमनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, त्याच वर्षी पहिली पॅकेट सोडली, आणि व्हँकूव्हरच्या डग लॉकहार्ट यांच्या गटाने टीएनसीचा पहिला प्रसिद्ध बोर्ड तयार केला. अमेरिकेत १९८० मध्ये नियम सैल झाले. त्याच डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात हँक मॅग्नस्की यांनी आलेलं पॅकेट ऐकून पुन्हा पुढे सोडणारं पहिलं डिजिपीटर उभं केलं. मग टूसॉन ॲमॅच्युअर पॅकेट रेडिओ, म्हणजे टॅपर, ही संस्था निघाली. तिचा टीएनसी-१ आला. १९८४ मध्ये पॅकेट कसं बांधायचं हे ठरवणाऱ्या एएक्स.२५ या नियमावलीची टेरी फॉक्स यांनी संपादित केलेली दुसरी आवृत्ती छापून आली, आणि सगळ्यांच्या पेट्या एकच भाषा बोलू लागल्या. पुढच्याच वर्षी टीएनसी-२ आला. टॅपरने त्याचा आराखडा स्वतःपाशी दडवून ठेवला नाही. तो कारखान्यांना बनवायला दिला. एमएफजे-१२७०, पॅककॉमचा टीएनसी-२००, एईएचा पीके-८० ही सगळी त्याचीच भावंडं. आज संग्राहकाला जे मिळतं ते बहुधा यांपैकीच एखादं असतं.

झाकणाचे स्क्रू काढले की एकच बोर्ड समोर येतो. घाईने पाहिलं तर काळ्या आयसींची रांग. निवांत पाहिलं तर विचारांची एक साखळी दिसते. हिशेब करणारा झेड-८०, त्याच्याशेजारी बिटांची ये-जा सांभाळणारा झायलॉगचाच एसआयओ. दुसऱ्या टोकाला एक्सार कंपनीची जोडी: सूर काढणारा एक्सआर-२२०६ आणि सूर ओळखणारा एक्सआर-२२११. २२११च्या आधी एमएफ-१०चा फिल्टर, आसपास स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे ट्रिमर. आणि एक क्रिस्टल, ४.९१५२ मेगाहर्ट्झचा. हा आकडा वरवर अडनिडा वाटतो. त्याला १२००ने भागा: बरोबर ४०९६ येतात, म्हणजे दोनाचा बारावा घात. एकच ठोका निम्मा, पुन्हा निम्मा असा बारा वेळा करत गेलं की सेकंदाला १२०० बिटांची चाल आपोआप हाती येते. संगणकाची गती आणि रेडिओवरची लय एकाच बीजातून काढली आहे. असं काही दिसलं की बोर्ड रचणाऱ्याचं डोकं कळतं.

पण या बोर्डातलं मला सर्वांत भावणारं काम एका लहान ईप्रॉमचं, म्हणजे वीज गेली तरी लिहिलेलं न विसरणाऱ्या मेमरी आयसीचं आहे. टीएनसी-२मध्ये ईप्रॉम दोन. मोठीत हॉवर्ड गोल्डस्टीन यांनी लिहिलेला सगळा प्रोग्रॅम आहे. छोटीत प्रोग्रॅमच नाही. अडचण अशी होती की येणाऱ्या आवाजासोबत घड्याळ येत नाही. बिट कुठे सुरू झाला नि कुठे संपला, हे त्या बिटांच्या चढउतारावरूनच ओळखावं लागतं, आणि एसआयओच्या आत ते काम करणारी सोय नव्हती. वेगळा महागडा भाग घालण्याऐवजी रचनाकारांनी एका ईप्रॉममध्ये कोष्टक भरलं आणि तिच्या शेजारी आत्ताची स्थिती धरून ठेवणारा एक लॅच बसवला. ‘मी आत्ता या स्थितीत आहे आणि बाहेरून हे आलं’ हा झाला पत्ता. त्या पत्त्यावर लिहिलेलं आहे ‘मग आता या स्थितीत जा’. दर ठोक्याला यंत्र हे एक पान उलटतं आणि हळूहळू समोरच्याच्या चालीशी आपली चाल जुळवून घेतं. त्यात बुद्धी चालवणारं कुणी नाही, विचार आधीच करून लिहून ठेवलेला आहे. ही काटकसर आहे आणि देखणीही आहे.

आता आवाज. टीएनसी-२चा रस घ्यायचा तर सेटचा स्पीकर बंद करू नये. बरेच जण कटकट नको म्हणून तो पहिल्यांदा बंद करतात. सूर फक्त दोन, १२०० आणि २२०० हर्ट्झचे. एका बिटाला मिळतो सेकंदाचा बाराशेवा भाग. तेवढ्यात खालच्या सुराची एकच पुरी लाट मावते, वरच्याच्या दोनही धड मावत नाहीत. इतक्या अपुऱ्या पुराव्यावर समोरची पेटी हा कोणता सूर ते ठरवते. शिवाय अमुक सूर म्हणजे शून्य आणि तमुक म्हणजे एक, असंही नाही. सूर बदलला तर शून्य, तोच राहिला तर एक. म्हणजे अर्थ सुरात नाही, सूर बदलण्यात आहे. तारा उलट जोडल्या गेल्या आणि वरचा सूर खाली, खालचा वर झाला, तरी मजकूर शाबूत राहतो.

प्रत्येक पॅकेटच्या आरंभी एक घरघर ऐकू येते. तो गोंगाट समजू नका. समोरचा सेट जागा व्हावा, रिले बसावा, म्हणून पेटी तोवर ०११११११० हाच खुणेचा शब्द पुन्हा पुन्हा पाठवत असते. आठ बिटांचा शब्द आणि सेकंदाला १२०० बिट, म्हणजे सेकंदाला १५० वेळा. त्यात सूर सात बिट एकाच जागी थांबतो आणि एका बिटापुरता दुसरीकडे जाऊन परत येतो. त्या घरघरीला खर्जाचा जो बाज आहे तो या लंगड्या तालातून येतो. मग अचानक पोत बदलतो आणि खरखरीत, दाणेदार आवाज सुरू होतो. तो मजकूर. आणि शेवटी पुन्हा शांतता.

आणखी थोडे दिवस ऐकलं की कान वेगवेगळी पॅकेट ओळखू लागतो. १२८ अक्षरं भरलेलं पॅकेट जवळजवळ सेकंदभर चालतं. ‘मिळालं’ एवढंच सांगणारी पोच मात्र सतरा बाइटांची. दोन्हीकडच्या खुणा धरून सेकंदाचा जेमतेम आठवा भाग. तिच्या आधीची घरघर तिच्या दुपटीहून लांब असते. म्हणून दोन पेट्यांचा संवाद असा ऐकू येतो: एक दीर्घ, त्याला एक ह्रस्व उत्तर, पुन्हा दीर्घ, पुन्हा ह्रस्व. ह्रस्व आला नाही तर काही सेकंदांनी तोच दीर्घ जशाच्या तसा परत येतो. लक्ष देऊन ऐकणाऱ्याला पडदा न पाहताही कळतं, की बोलणं अडलंय.

हे ज्या रचनेवर उभं आहे त्या एएक्स.२५मधल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. पहिली, खुणेचा शब्द मजकुरात चुकून येऊ नये याची तजवीज. त्या शब्दात लागोपाठ सहा एक आहेत. मग नियम केला: मजकुरात पाच एक लागोपाठ आले की पाठवणाऱ्याने मुकाट्याने एक शून्य घुसवायचं, घेणाऱ्याने ते मुकाट्याने काढून टाकायचं. झाला प्रश्न निकालात. हा नियम जुन्या व्यावसायिक नेटवर्कांकडून आला. दुसरी गोष्ट मात्र हॅमची स्वतःची. व्यावसायिक जाळ्यात पत्ता म्हणजे क्रमांक. हॅमला हवेत नाव सांगणं कायद्यानेच बंधनकारक, म्हणून इथे पत्ता म्हणजे कॉलसाइन. सहा अक्षरं आणि एक जोडबाइट, ज्यात शून्य ते पंधरापैकी एक आकडा राहतो. एकाच माणसाची घरची पेटी, गाडीतली पेटी आणि टपालपेटी त्याने वेगवेगळ्या ओळखता येतात. भारतीय कॉलसाइनच्या आरंभीचा व्ही घ्या. त्याचे बिट ०१०१०११०. पाठवताना तो एक घर डावीकडे सरकतो: १०१०११००. सरकल्याने उजवीकडे एक घर रिकामं झालं. पत्ता अजून चालू असेल तर त्यात शून्य, इथेच संपला असेल तर एक. पत्ता किती लांब आहे हे सांगायला वेगळी जागा लागलीच नाही, अक्षरांच्याच वळचणीला ती खूण राहून गेली.

वाटेतल्या डिजिपीटरांची नावंही याच पत्त्यात लिहायची, आठपर्यंत. प्रत्येक डिजिपीटर पॅकेट पुढे सोडताना स्वतःच्या नावापुढची एक खूण चढवतो, आणि ऐकणाऱ्याच्या पडद्यावर त्या नावापाशी चांदणी उमटते. तिकिटं जमवणारा पाकिटावरचे टपालाचे शिक्के वाचतो तशी मी ही ओळ वाचतो: कोण, कुणाला, कुणाकुणामार्फत, आणि माझ्या कानावर ती शेवटी कुणाकडून पडली.

दिव्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण पाचांनाही काम आहे. एक नुसता वीज असल्याचा. डीसीडी लागला म्हणजे हवेत कुणीतरी बोलतंय. पीटीटी लागला म्हणजे आपण बोलतोय. या दोघांचा खेळ पाहत बसावं. अब्रॅमसन यांच्या मूळ अलोहात ज्याला जेव्हा बोलायचं असेल तेव्हा त्याने बोलावं, टक्कर झाली तर पुन्हा बोलावं, अशी पद्धत होती; गणिताने त्यात वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच सत्कारणी लागतो. टीएनसी-२ आधी ऐकतो. डीसीडी लागलेला असेतो पीटीटी लागत नाही. वाहिनी मोकळी झाली म्हणून सगळ्यांनी एकदम तोंड उघडू नये यासाठी पुढच्या काळात पर्सिस्ट आणि स्लॉटटाइम ही दोन मूल्यं आली. पर्सिस्ट ६३ ठेवलं की पेटी दर पाळीला मनात चिठ्ठी टाकते आणि चारातून एकदाच बोलते. चौथा दिवा कॉनचा, जोडणी झाल्याचा. पाचवा एसटीए, आणि पाचांत माझा लाडका तोच. पाठवलेल्या मजकुराची पोच यायची बाकी असेपर्यंत तो तेवत राहतो. समोरून ती सेकंदाच्या आठव्या भागाची टिचकी कानावर पडते आणि दिवा विझतो. इतक्या दूरच्या माणसाला आपलं म्हणणं अक्षरन् अक्षर बरोबर पोचलं, हे सांगायला यंत्राने दिवा लावला नाही, मालवला. मला यात फार मोठा विवेक दिसतो: काळजी असेतो दिवा, काळजी मिटली की काळोख.

याच घराण्यातल्या बाकीच्या यंत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. एईएचा पीके-२३२ संग्राहकांत लोकप्रिय आहे. मोर्स, टेलिटाइप, पॅकेट असं बरंच काही तो करतो आणि दिव्यांनी नुसता सजलेला असतो. मला तो दाटीवाटीचा वाटतो. एकच गोष्ट नितळ करणाऱ्या यंत्राची मजा त्यात नाही. हीथकिटचा एचडी-४०४० हा टीएनसी-१चा भाऊ, सुटे भाग आणून घरी जोडायचा. कुणाच्या तरी हातचं सोल्डर त्यावर वाचता येतं, म्हणून तो ठेवावाच. जर्मनीतला बेकॉम दुसऱ्या टोकाचा. टीसीएम-३१०५ ही एक आयसी आणि चार सुटे भाग, वीजसुद्धा संगणकाच्या सीरियल पोर्टमधून उसनी घेतलेली; पॅकेट बांधण्याचं सगळं काम संगणकाकडे. खर्चाच्या दृष्टीने उत्तम. पण तिथून पेटी विरघळायला लागली. १९८७ मध्ये माइक चेपोनिस आणि फिल कार्न यांनी किस ही रीत आणली, तीही त्याच दिशेची: टीएनसीने फक्त सूर आणि बिट पाहावेत, बाकी विचार संगणकाने करावा. हॅमच्या जाळ्यावर टीसीपी-आयपी धावलं ते त्यामुळेच, आणि ४४ने सुरू होणाऱ्या ज्या आयपी पत्त्यांचा एक चतुर्थांश भाग २०१९ मध्ये अॅमेझॉनने विकत घेतला, ते पत्ते हॅमच्या याच उद्योगासाठी १९८१ मध्ये राखून ठेवलेले होते. इंजिनिअरिंग म्हणून किस अगदी बरोबर. संग्राहक म्हणून माझं मन मात्र जुन्या प्रॉम्प्टवर आहे. किसमध्ये गेलेली पेटी माणसाशी बोलत नाही. टीएनसी-२ साध्या टर्मिनलवर चार अक्षरं टाइप केली की उत्तर देतो.

ही यंत्रं चालू ठेवायला आजही कारण आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचं डिजिपीटर १४५.८२५ मेगाहर्ट्झवर याच दोन सुरांत, याच चालीने बोलतं. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते, त्यामुळे महाराष्ट्राच्या आकाशातूनही ते जातं, आणि डिजिपीटर चालू असेल तर साध्या हँडसेटवर ऐकू येतं. डॉप्लरमुळे येताना फ्रिक्वेन्सी तीनेक किलोहर्ट्झ वर असते, जाताना तेवढीच खाली. एफएम सेट ते चालवून घेतो. डायरवुल्फसारखं आजचं सॉफ्टवेअर जुन्या पेटीपेक्षा कितीतरी जास्त अशक्त पॅकेट उलगडतं, यात शंका नाही. तरी स्थानकाच्या नावापुढची चांदणी टीएनसी-२ने पडद्यावर काढून दिली की मला अधिक आनंद होतो. १९८५ची पेटी, तिच्यात एक अक्षरही न बदलता, चारशे किलोमीटर उंचीवरून आलेला पत्ता वाचते.

नव्याने जमवू पाहणाऱ्यांना एवढंच सांगतो, की पेटी हाती आल्यावर पुसायची नि चकचकीत करायची घाई करू नका. ईप्रॉमच्या काचेवरचं लेबल काढू नका; प्रकाश आत गेला की लिहिलेलं पुसट होत जातं, आणि तसंही इतक्या वर्षांत त्यातले बिट निसटायला लागलेले असू शकतात. आधी तिची प्रत काढून ठेवा. एमएफ-१० किंवा एक्सआर-२२११ बदलावा लागला तर जुना भाग पाकिटात घालून पेटीसोबतच ठेवा. ट्रिमर उगाच फिरवू नका. कुणीतरी कॅलिब्राची आज्ञा देऊन ते एकदा नीट लावलेले असतात.

आणि लिथियमचा सेल काढण्याची तर मुळीच घाई नको. वीज गेली तरी पेटीने आपल्या सवयी विसरू नयेत म्हणून तो सेल मेमरी जागती ठेवतो. सेल संपलेला असला तर पेटी चालू करताच कळवते, की बॅटरीवरच्या मेमरीत मूळचीच मूल्यं भरली आहेत. मायकॉल विचारलं तर उत्तर येतं ‘नोकॉल’. पण सेल तग धरून असला तर डिस्प्लेची आज्ञा द्या आणि जे येईल ते सगळं उतरवून घ्या. आधीच्या मालकाचा कॉलसाइन तर मिळेलच. बीटेक्स्टमध्ये त्याने ठरावीक वेळाने हवेत सोडायची ओळ लिहिलेली असेल. टीएक्सडिले पाहा: मूळचं मूल्य ३०, म्हणजे ३०० मिलिसेकंद. ते ५० किंवा ६० केलेलं दिसलं तर त्याचा सेट जुना, सावकाश रिलेचा असणार. रिट्राय दहावरून वाढवलेला असला तर त्याला ऐकणारं स्टेशन लांब किंवा डोंगराआड असणार. आणि जोडणीशिवाय सोडायच्या पॅकेटची वाट सांगणाऱ्या अनप्रोटोच्या ओळीत ज्या डिजिपीटरांची नावं ओळीने लावलेली असतील, ती त्याच्या घरापासून निघणारी वाट आहे. जुना नकाशा घेऊन बसलं तर तो कोणत्या बाजूच्या टेकडीकडे अँटेना वळवून बसत असे, हेही त्या ओळीवरून काढता येतं.